एक नकोसा वारसा

घरांतील वडील माणूस निवर्तलें, दिवस झाले, पाहुणे आपापल्या गांवीं परतले आणि मागें राहिलेल्या मंडळींनीं कपाटें उघडावयास घेतलीं, म्हणजे वियोगाचें खरें दुःख जाणवूं लागतें. चष्म्याचें घर, औषधाची अर्धी बाटली, अर्ध्यावर राहिलेलें विणकाम, अशी एकेक वस्तु हातीं येते आणि हात जड होतो. ठेवावी तर जागा नाहीं, टाकावी तर मन होत नाहीं. हा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांनीं घेतला असेल. परंतु श्रोतेहो, त्या कपाटांतून जर अशी वस्तु निघाली कीं जी ठेवण्याची लाज वाटावी आणि टाकण्याचेंही धैर्य होऊं नये, तर काय करावें? आज ह्याच प्रश्नाचा विचार आपल्याबरोबर करावा असें मीं योजिलें आहे. प्रश्न अमेरिकेंतील घरांचा आहे. पण तो ऐकून झाल्यावर आपल्या घराशीं त्याचा कांहींच संबंध नाहीं असें कोणी म्हणेल, असें मला वाटत नाहीं.

कल्पना करा. अमेरिकेच्या ओहायो संस्थानांतील एका लहान गांवीं एक गोरी आजी वारली. स्वभावानें प्रेमळ, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अडीनडीला धांवून जाणारी. तिच्या स्वयंपाकघरांतील कांचेच्या कपाटांत नातवंडांना कांहीं वस्तू सांपडल्या. डोक्याला रुमाल गुंडाळलेल्या, लठ्ठ, काळ्याकुट्ट, दांत विचकून हंसणाऱ्या स्वयंपाकिणीच्या आकाराची बिस्किटांची बरणी. तशाच आकाराची मीठदाणी व तिच्या जोडीला म्हाताऱ्या काळ्या आचाऱ्याच्या आकाराची मिरपुडीची दाणी. ओतीव लोखंडाचा एक गल्ला. आणि खणाच्या तळाशीं दोऱ्यानें बांधलेला चित्रकार्डांचा गठ्ठा. त्या कार्डांवर काळीं मुलें कलिंगडावर तुटून पडलेलीं, नाहीं तर मगरीच्या जबड्यापुढें आमिष म्हणून बसविलेलीं दाखविलीं आहेत. थोरला नातू म्हणाला, "ह्यांना बाजारांत चांगली किंमत येते, विकून टाकूं." धाकटी नात म्हणाली, "आधीं हातोडा आण." आणि त्यांची आई म्हणाली, "माझ्या आईनें जपलेल्या वस्तू आहेत. असूं द्या कपाटांत." हें कुटुंब माझ्या कल्पनेंतलें आहे. वस्तू मात्र खऱ्या आहेत, आणि असा प्रसंग तेथील अनेक कुटुंबांवर येतो.

तिघांपैकीं कोणाचें म्हणणें बरोबर? ह्याचा निवाडा करण्यापूर्वीं ह्या वस्तूंची कुळकथा पाहिली पाहिजे. वस्तु कोणत्या हेतूनें जन्माला आली हें कळल्यावांचून तिचें पुढें काय करावें हें ठरवितां येत नाहीं.

ही कुळकथा रंगभूमीपासून सुरू होते. १८३० च्या सुमारास टॉमस डार्टमथ राइस नांवाचा एक गोरा नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फांसून आणि फाटके कपडे घालून 'जिम क्रो' नांवाच्या काळ्या मनुष्याचें सोंग आणूं लागला. त्याचें वेडेंवांकडें नाचणें आणि मोडकीतोडकी भाषा ह्यांवर प्रेक्षक खूष असत. १८४३ त न्यूयॉर्क येथें अशा नटांचा एक संच रंगभूमीवर आला, आणि पुढें किती तरी वर्षें 'मिन्स्ट्रेल' ह्या नांवाचे हे खेळ अमेरिकेंतील अत्यंत लोकप्रिय करमणुकींत गणले गेले. काळा मनुष्य म्हणजे आळशी, भित्रा, खादाड, पोरकट, परंतु मालकाच्या सेवेंत सुखी, असा एक ठरीव सांचा ह्या खेळांनीं तयार केला. ज्यांनीं जन्मांत काळ्या मनुष्याशीं चार शब्द बोललेले नव्हते, त्यांनाही तो कसा असतो हें आधींच ठाऊक झालें. पुढें दक्षिणेकडील संस्थानांनीं काळ्या लोकांना गाडींत, शाळेंत व उपाहारगृहांत वेगळें ठेवणारे कायदे केले, त्यांनाही लोक जिम क्रोचे कायदे म्हणूं लागले. सोंगाचें नांव कायद्याला मिळावें, ह्याहून त्या सोंगाच्या सामर्थ्याचा अधिक पुरावा कोणता हवा?

आपल्या कपाटांतील वस्तूंचा सुकाळ झाला तो मात्र गुलामगिरीच्या काळांत नव्हे. ती नष्ट झाल्यावर झाला. १८६५ च्या डिसेंबरांत घटनेनें गुलामगिरी बंद केली. १८६८ त नागरिकत्वाचा आणि १८७० त मतदानाचा हक्क घटनेंत नमूद झाला. परंतु १८७७ त मध्यवर्ती सरकारनें दक्षिणेंतून आपलें सैन्य मागें घेतलें आणि कागदावर दिलेले हक्क एकेक करून हिरावून घेण्यास आरंभ झाला. १८९६ त तेथील वरिष्ठ न्यायालयानें काळ्या उतारूंसाठीं आगगाडीचे डबे वेगळे ठेवण्याचा कायदा वैध ठरविला. ह्याच काळांत कारखान्यांतून ह्या मूर्ति, हे गल्ले आणि हीं कार्डें घरोघर पोहोंचूं लागलीं. विचार केला म्हणजे ह्याचें नवल वाटत नाहीं. जोंवर माणूस कायद्यानेंच बांधलेला होता, तोंवर तो हलका आहे हें दाखवीत बसण्याची मालकाला तितकीशी गरज नव्हती. कायद्यानें त्याला बरोबरीची जागा दिली, तेव्हां ती बरोबरी खोटी आहे हें रोज उठून पटवून देणें भाग पडलें. आणि रोज पटवून देण्याला मीठदाणीसारखें साधन नाहीं, कारण ती दिवसांतून तीन वेळां हातीं येते.

तो लोखंडी गल्लाच घ्या. न्यूयॉर्क संस्थानांतील बफेलो शहरच्या शेपर्ड हार्डवेअर कंपनीनें त्याचा एक फार खपलेला प्रकार काढला, त्याचें पेटंट १८८२ चें आहे. कमरेपर्यंतचा काळा मनुष्य, लाल जाड ओंठ, पुढें पसरलेला हात. हातावर नाणें ठेवून खटका दाबला कीं हात वर जातो, नाणें तोंडांत पडतें आणि डोळे गरगर फिरतात. काळ्या लोकांना देण्यांत येणारी शिवी त्या गल्ल्याच्या नांवांतच होती. आणि हें खेळणें होतें कशासाठीं? मुलांना काटकसर शिकविण्यासाठीं! पै पै सांठवावी हा एक धडा आणि काळा मनुष्य हंसण्यासाठींच असतो हा दुसरा, असे दोन्ही धडे मूल एकाच खटक्यानें शिके. आणि पहिल्या धड्याचें कौतुक करणाऱ्या आईबापांच्या दुसरा लक्षांतही येत नसे. बफेलो दक्षिणेंत नाहीं, उत्तरेंत आहे, हेंही येथें लक्षांत ठेवावें. ज्या उत्तरेनें गुलामांच्या मालकांशीं युद्ध केलें, तिच्याच भट्ट्यांतून हीं खेळणीं ओतलीं जात होतीं.

आतां त्या बरणीकडे वळूं. १८८९ त मिसूरी संस्थानांतील सेंट जोसेफ येथें एका गिरणीच्या चालकांनीं पॅनकेक म्हणजे आपल्या धिरड्यासारखा एक पदार्थ करण्याचें तयार पीठ बाजारांत आणलें. मिन्स्ट्रेलच्या खेळांत गाइल्या जाणाऱ्या एका गाण्यावरून त्यांनीं त्या पिठाला 'आंट जेमिमा' हें नांव दिलें. १८९३ त शिकागोच्या जागतिक प्रदर्शनांत ह्या मालाची जाहिरात करण्यासाठीं नॅन्सी ग्रीन नांवाच्या स्त्रीला जेमिमेचें सोंग देऊन उभें करण्यांत आलें. ही बाई केंटकी संस्थानांत गुलामगिरींतच जन्मली होती. तिनें पॅनकेक भाजावे आणि जुन्या मळ्यांवरील सुखाच्या दिवसांच्या गोष्टी सांगाव्या, अशी योजना होती. त्याच वर्षीं, त्याच शहरीं, त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानें भरलेल्या सर्वधर्मपरिषदेंत स्वामी विवेकानंदांचें भाषण झालें, हें आपणांस ठाऊक आहे. विश्वबंधुत्वाच्या त्या व्याख्यानाचा टाळ्यांचा गजर आपल्या इतिहासांत नोंदला गेला. जी स्त्री गुलामगिरींतून सुटली, तिला गुलामगिरीचें कौतुक सांगण्याचा पगार त्याच वर्षीं मिळत होता, ही नोंद मात्र आपल्याकडे कोणी फारशी केली नाहीं.

'आंट' म्हणजे मावशी. हा शब्द आपल्या कानाला गोड वाटेल. परंतु त्या काळच्या दक्षिणेंत गोरे लोक काळ्या स्त्रीला 'मिसेस' आणि काळ्या पुरुषाला 'मिस्टर' म्हणत नसत. पुरुष तरुण असो वा प्रौढ, त्याला 'बॉय' म्हणजे पोऱ्या म्हणावयाचें. केंस पिकले म्हणजे 'अंकल' आणि 'आंट'. हें नातें प्रेमाचें नव्हतें, आदरार्थी शब्द द्यावा लागूं नये म्हणून काढलेली ती पळवाट होती. वयानें मोठ्या गड्याला अरेतुरे करून वर "तो घरचाच आहे" असें म्हणणारी मंडळी आपल्याकडेही आहेत. त्यांना ह्याचा अर्थ उलगडून सांगावयास नको.

नॅन्सी ग्रीन १९२३ त शिकागो येथें मोटारीच्या अपघातांत वारली. जेमिमेचें हंसरें तोंड लक्षावधि घरांच्या न्याहारीच्या मेजावर राहिलें. पुढें ओहायोंतीलच डेटन शहरीं तिच्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या मीठदाण्या व बरण्या तयार झाल्या. आणि त्या तोंडामागच्या बाईच्या थडग्यावर मात्र नांवाचा दगड नव्हता. तो बसला २०२० सालीं, सत्त्याण्णव वर्षांनंतर. त्याच वर्षीं पिठाच्या पुड्यावरील जेमिमेचें नांव व चित्र काढण्याचा निर्णय जाहीर झाला आणि १९ व्या शतकांतील त्या गिरणीचेंच नांव २०२१ पासून मालाला देण्यांत आलें. सोंगाला जगभर नांव आणि माणसाला थडग्यावरही नाहीं, ही ह्या सर्व वस्तूंची मुख्य खूण आहे. त्यांना तोंड असतें, पण त्या तोंडाचा कोणी धनी नसतो.

कोणी म्हणेल, "अहो, एवढ्याशा मीठदाणीवर केवढा हा भार! ती शोभेची वस्तु. तिनें कोणाचें काय बिघडविलें?" ह्याचें उत्तर अमेरिकेच्या विधिमंडळाच्या कामकाजांत सांपडतें. १९२२ च्या जानेवारींत तेथील प्रतिनिधिगृहानें झुंडीनें होणाऱ्या हत्यांविरुद्ध एक बिल मंजूर केलें. दक्षिणेंत काळ्या माणसांना पकडून, चौकशीवांचून, शेंकडो लोकांदेखत ठार मारण्याचा प्रघातच पडला होता. डिसेंबरांत तें बिल सिनेटपुढें आलें तेव्हां दक्षिणेकडील सभासदांनीं कामकाज अडवून धरून तें हाणून पाडलें. पुढें दोनच महिन्यांनीं, १९२३ च्या फेब्रुवारींत, त्याच सिनेटनें दुसरा एक प्रस्ताव मंजूर केला. जुन्या काळच्या इमानी काळ्या दायांचें स्मारक राजधानींत उभारण्यास परवानगी द्यावी, असा तो प्रस्ताव होता. काळ्या लोकांच्या वृत्तपत्रांनीं आणि स्त्रियांच्या संस्थांनीं तीव्र विरोध केला, प्रतिनिधिगृहानें प्रस्ताव पुढें नेला नाहीं आणि तें स्मारक झालें नाहीं. परंतु त्या दोन मतदानांकडे पाहा. जिवंत माणसाला कायद्याचें संरक्षण नाकारावयाचें आणि त्याच्या आज्ञाधारक दाईचा पुतळा उभारावयाचा, ह्या दोन्ही गोष्टी एकाच सभागृहाला विसंगत वाटल्या नाहींत. ज्यांच्या घरीं ती दाई कपाटांत हंसत उभी होती, त्यांना ती विसंगति कशी दिसावी?

आणि काळ्या मुलांचें काय होत होतें? केनेथ आणि मेमी क्लार्क ह्या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्यानें १९४० च्या सुमारास तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढें बाहुल्या ठेवल्या. सर्व बाहुल्या सारख्या. भेद केवळ रंगाचा. चांगली कोणती आणि वाईट कोणती, असें विचारतां बहुसंख्य मुलांनीं गोरी चांगली आणि काळी वाईट असें सांगितलें. शाळांतील पृथक्करण घटनाबाह्य ठरविणाऱ्या १९५४ च्या निकालांत ह्या संशोधनाचा उल्लेख आहे. त्या प्रयोगांत गल्ला नव्हता कीं मीठदाणी नव्हती. परंतु इतक्या कोंवळ्या वयांत मुलांना हा धडा कोणी दिला, असें विचारलें तर घरांतील आणि दुकानांतील मांडण्यांकडे बोट दाखवावेंच लागेल.

हा व्यापार एका देशापुरता राहिला नाहीं. फ्लॉरेन्स अप्टन हिच्या १८९५ च्या एका बालपुस्तकांत काळ्या तोंडाचा, ताठ केंसांचा 'गॉलिवॉग' अवतरला. ब्रिटनमधील रॉबर्टसन कंपनीनें १९१० पासून आपल्या मुरंब्यावर त्याला बसविला आणि थेट २००१ मध्यें निवृत्त केला. अमेरिकेंत खपलेल्या पुष्कळ चिनी मातीच्या मीठदाण्यांच्या तळाशीं जपानचें नांव आहे. त्या रंगविणाऱ्या जपानी कामगाराच्या मनांत काळ्या लोकांविषयीं द्वेष असण्याचें कारण नव्हतें. मागणी होती, सांचा होता, माल निघत होता. म्हणूनच आपल्या त्या ओहायोंतील आजीविषयीं घाईनें निवाडा करूं नये. द्वेष मनांत असावयास नको. वस्तु द्वेषाचें काम आपण होऊन करीत राहते.

ह्या चित्रांचा अपमान ज्यांच्या वांट्याला आला, ते लोक गप्प बसले नव्हते, हेंही सांगितलें पाहिजे. गुलामगिरींतून पळून स्वतंत्र झालेला थोर वक्ता फ्रेडरिक डग्लस ह्यानें आयुष्यभर आपलीं छायाचित्रें काढवून घेतलीं. एकोणिसाव्या शतकांत त्याच्याइतकीं छायाचित्रें दुसऱ्या कोणा अमेरिकनाचीं क्वचितच निघालीं असतील. त्यांत तो कोठेंही दांत काढून हंसत नाहीं. ताठ बसून समोर रोखून पाहतो. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनांत डॉ. डु बॉइस ह्यांनीं जॉर्जिया संस्थानांतील काळ्या स्त्रीपुरुषांचीं साडेतीनशेंहून अधिक छायाचित्रें मांडलीं. त्यांत विद्यार्थी होते, दुकानदार होते, नीटनेटक्या घरांच्या ओसरीवर बसलेलीं कुटुंबें होतीं. ह्याच डु बॉइस ह्यांना १९४६ सालीं डॉ. आंबेडकरांनीं पत्र लिहिलें आणि अमेरिकेंतील नीग्रो व भारतांतील अस्पृश्य ह्यांच्या स्थितींतील साम्याचा त्यांत उल्लेख केला. तेव्हां ही कथा सातासमुद्रांपलीकडची आहे असें समजून स्वस्थ बसण्याची सोय आपल्याला नाहीं.

ह्यावरून त्या कुटुंबाला पहिलें काम निघतें तें निवडीचें. काळ्या माणसाचें चित्र असलेली प्रत्येक जुनी वस्तु अपमानाची नसते. एखादें घरगुती छायाचित्र, काळ्या कारागिरांनीं केलेली बाहुली, एखाद्या काळ्या शाळेची स्मरणिका त्याच गठ्ठ्यांत असूं शकेल. ती ओळखल्यावांचून सर्व गठ्ठा जाळणें म्हणजे खऱ्या माणसांचे चेहरे सोंगांबरोबर जाळणें होय.

आतां त्या तिघांकडे वळूं. प्रथम थोरला नातू. अशा वस्तूंना किंमत येते हें त्याचें म्हणणें खरें आहे; इतकी येते कीं जुन्या गल्ल्यांच्या नव्या नकला करून विकण्याचा धंदाही चालतो. परंतु विकलेली वस्तु कोणाच्या कपाटांत जाऊन बसेल, हें विकणाराला ठाऊक नसतें. ती अभ्यासकाकडे जाईल, तशी ती जो अजूनही त्या थट्टेवर हंसतो त्याच्याकडेही जाईल. घेणारांत स्वतः कृष्णवर्णीय संग्राहक पुष्कळ आहेत हें खरें. समान हक्कांच्या चळवळीचे एक पुढारी ज्युलियन बाँड ह्यांचा असा संग्रह होता. पण त्यांनीं तो स्मरणासाठीं जमविला होता, आणि असा घेणारा भेटेलच ह्याची हमी बाजार देत नाहीं.

धाकटीचा हातोडा अधिक समजण्याजोगा आहे. डेव्हिड पिल्ग्रिम नांवाच्या कृष्णवर्णीय मुलानें तोच मार्ग पत्करला होता. अलाबामा संस्थानांतील मोबील शहरीं, बारातेरा वर्षांचा असतांना, त्यानें एका विक्रेत्याकडून अशीच एक लहानशी वस्तु घेतली. त्याच्या आठवणीप्रमाणें ती बहुधा मीठदाणीच होती. पैसे चुकते केले आणि विक्रेत्याच्या डोळ्यांदेखत ती जमिनीवर आपटून फोडली. त्या पोराच्या संतापाला कोण नांव ठेवील? परंतु हाच मुलगा पुढें समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि फोडण्याऐवजीं जमवूं लागला. १९९६ मध्यें त्यानें सुमारें दोन हजार वस्तूंचा आपला संग्रह मिशिगन संस्थानांतील बिग रॅपिड्स येथील फेरिस स्टेट विद्यापीठाला दिला. त्यांतून 'जिम क्रो म्यूझियम' उभें राहिलें आणि २०१२ मध्यें मोठ्या जागेंत तें लोकांना खुलें झालें. तेथें जेमिमा आहे, गल्ला आहे, मगरीचीं कार्डें आहेत. आणि त्यांच्या शेजारीं त्यांचा इतिहास सांगणारा मजकूर व समजावून देणारा माणूस आहे. वस्तु तीच, परंतु जिनें हंसविण्यासाठीं जन्म घेतला, तिच्यापुढें विद्यार्थी आतां गंभीर होऊन उभे राहतात.

फोडून टाकलेल्या वस्तूचा एक तोटा असा कीं ती होती हेंच पुढें नाकारतां येतें. पुराव्याचें सामर्थ्य काय असतें ह्याचें एक उदाहरण सांगतों. झुंडींनीं केलेल्या हत्यांचीं छायाचित्रें कार्डांवर छापून लोक ती एकमेकांना पाठवीत असत. जेम्स ॲलन ह्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यानें तीं शोधून जमविलीं आणि २००० सालीं न्यूयॉर्कमध्यें त्यांचें प्रदर्शन झालें, पुस्तकही निघालें. आजोबांच्या खणांतील असलीं कार्डें पूर्वींच्या पिढ्यांनीं लाजेनें जाळून टाकलीं असतीं, तर हें घडतें ना. २००५ मध्यें सिनेटनें, हत्याविरोधी कायदा आपण कधीं केला नाहीं ह्याबद्दल, ठराव करून क्षमा मागितली. तो ठराव मांडणाऱ्या मेरी लँड्रू ह्यांनीं त्या चित्रसंग्रहाचा आपल्यावर झालेला परिणाम सांगितला. तसा कायदा झाला २०२२ मध्यें, म्हणजे १९२२ चें बिल बुडाल्यानंतर शंभर वर्षांनीं.

राहिली ती आई, जी म्हणते, "असूं द्या कपाटांत." तिचें मन मी ओळखूं शकतों. आईच्या मरणानंतर तिच्या वस्तूंवर टीका ऐकणें म्हणजे आईवरच ऐकणें असें तिला वाटतें. परंतु कपाटांत ठेवल्यानें प्रश्न मिटत नाहीं. तो पुढच्या पिढीकडे जातो, आणि जातांना अधिक मुका होऊन जातो. आज निदान ती बरणी कोणीं आणली, कोठून आणली, सणावारीं कोणत्या मेजावर ठेवली जाई, कोणी काळा पाहुणा घरीं आला असतां ती झांकून ठेवीत असत कीं काय, हें सांगणारें माणूस हयात आहे. आणखी वीस वर्षांनीं तेंही नसेल.

म्हणून माझ्या अल्प मतीप्रमाणें त्या कुटुंबानें असें करावें. प्रथम सर्वांनीं एकत्र बसून प्रत्येक वस्तूची हकीकत कागदावर लिहावी. आजीला ती कोणी भेट दिली असेल तर तसें लिहावें. तिनें हौसेनें विकत घेतली असेल तर तेंही लिहावें. ठाऊक नसेल तर ठाऊक नाहीं असें लिहावें. मग एखाद्या संग्रहालयाला वा विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आधीं पत्रानें विचारावें, कारण अशा संस्थांकडे त्याच प्रकारच्या बरण्या अनेक असतात आणि प्रत्येक वस्तु त्यांना हवीच असें नाहीं. मात्र वस्तूबरोबर तिची हकीकत असेल तर ती शंभरांत वेगळी ठरते. ह्या घरांत, ह्या प्रेमळ आजीनें, इतकीं वर्षें ही मूर्ति जपली आणि कोणालाही कांहीं वावगें वाटलें नाहीं, ही माहिती बरणीहून मोलाची आहे. कारण अन्याय केवळ दुष्ट लोकांच्या बळावर चालत नाहीं, चांगल्या लोकांच्या सवयीवरही चालतो, हें तीच सांगते. कोणतीही संस्था घेत नसेल तर वस्तु घरींच ठेवावी. पण मांडणीवर नव्हे, आणि त्या कागदावांचून तर नव्हेच.

कलावंताला आणखी एक मार्ग असतो. बेटी सार ह्या कृष्णवर्णीय चित्रकर्त्रीनें १९७२ त अशीच एक जुनी जेमिमा घेऊन एका पेटींत उभी केली. तिच्या एका हातीं पूर्वींचा झाडू राहूं दिला आणि दुसऱ्या हातीं बंदूक दिली. मूर्ति एवढ्यानेंच बदलली. जिला दुसऱ्यांनीं सोंग दिलें होतें, तिला आपल्यापैकीं एकीनें आवाज दिला.

आजीच्या स्मृतीचें काय? आपल्याकडे मृताचे दोष काढूं नयेत असें म्हणतात, आणि त्यांत शहाणपण आहे. परंतु दोष काढणें निराळें आणि हकीकत लिहून ठेवणें निराळें. आपण पितरांचें ऋण मानतों, तें त्यांच्या पुण्याचें तसेंच त्यांच्या राहिलेल्या कर्तव्याचेंही. त्यांनीं जें पाहिलें नाहीं तें आपण पाहिलें, तर त्यांचा अपमान होत नाहीं.

शेवटीं आपल्या घराविषयीं दोन शब्द. महात्मा फुल्यांनीं १८७३ त 'गुलामगिरी' हा आपला ग्रंथ अमेरिकेंतील सदाचारी लोकांना अर्पण केला, कारण त्यांनीं नीग्रोंना दास्यांतून मुक्त करण्यासाठीं त्याग केला होता. त्यानंतर नवव्या वर्षीं बफेलोचा गल्ला निघाला. ज्यांचा आदर्श जोतिरावांनीं आपल्यापुढें ठेवला, त्यांनाही घरांतलें झाडून काढण्यास शतक लागलें. मग आपण आपलें घर कधींच स्वच्छ झालें असें कसें समजावें? आपल्याकडे काळ्या दाईची बरणी सांपडणार नाहीं. पण जुन्या वाड्याच्या माळ्यावर, मागच्या पडवीच्या कोनाड्यांत, कान तुटलेली एखादी कपबशी सांपडेल. ती घरांतील दुसऱ्या कपबश्यांत कधीं मिसळली जात नसे. तींत वरून चहा ओतला जाई, आणि पिणारा ती आपल्या हातानें विसळून पालथी घालून जाई. ती सांपडली तर उकिरड्यावर टाकण्याची घाई करूं नका. एक कागद घ्या, आणि घरांतील वडील माणसांना विचारून, ती कोणासाठीं वेगळी ठेवली होती त्याचें नांव लिहून ठेवा.